"समदं बरं हाय" : साठ फॉर्म आणि एका प्रबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका गावातली ही गोष्ट. गावाचं, कॉलेजचं, कुणाचंच नाव देत नाहीये आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत. मी मानसशास्त्र शिकवते आणि या एमएच्या प्रबंधाची गाईड मी होते, म्हणजे खाली जे चुकलंय त्यातलं बरंचसं माझ्या सहीनिशी झालेलं आहे.

विद्यार्थिनी त्याच तालुक्यातली, हुशार, आणि विषय तिने स्वतः निवडलेला: बचत गटातल्या बायकांना जाणवणारा ताण आणि उदासी. पद्धत अगदी पुस्तकातली. आधी दोन प्रश्नावल्या सगळ्यांकडून भरून घ्यायच्या आणि मग त्यातल्या आठ-दहा जणींच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या. पहिली प्रश्नावली ताण मोजणारी, पीएसएस-१०, मूळ कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची चौदा प्रश्नांची, तिचंच हे नंतरचं छोटं रूप, दहा प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल विचारते, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि दहापैकी चार प्रश्न उलटे, म्हणजे तिथे "नेहमी" म्हटलं की ताण कमी धरायचा. दुसरी उदासी मोजणारी, पीएचक्यू-९, २००१ पासून जगभर वापरात असलेली, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण ० ते २७ गुण आणि साधारणपणे १० किंवा त्याच्या पुढे गेलं की नीट तपासणी करायला हवी असं धरतात. पीएचक्यूचं मराठी भाषांतर तयार मिळतं. पीएसएस आम्हीच मराठीत केली, एकीने मराठी केलं, दुसऱ्याने ते न बघता परत इंग्रजी केलं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघितलं. जवळजवळ तंतोतंत जुळलं आणि आम्ही दोघी खूश झालो.

वेळ मात्र लक्षात ठेवा, २०२४ चा जुलै-ऑगस्ट. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायची तेव्हा गावोगाव धांदल चालू होती, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक घेऊन बायका अंगणवाडीत आणि सेतू केंद्रात रांगा लावत होत्या.

अडचण

फॉर्म वाटले सीआरपी ताईंनी, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीने, गटाच्या मासिक मीटिंगमध्ये. पाच गट, साठेक बायका, दहा दिवसांत सगळे फॉर्म परत, एकही रिकामा नाही. इतका पटकन इतका पूर्ण डेटा मिळाला तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

एक्सेलमध्ये भरल्यावर विद्यार्थिनी फोन करून म्हणाली, मॅडम काहीतरी गडबड आहे, सगळ्याच सुखी आहेत. खूप जणींनी पीएसएसवर वरपासून खालपर्यंत "कधीच नाही" वर टिक केलेलं. आता यात मेख अशी की चार प्रश्न उलटे आहेत, "गोष्टी तुमच्या मनासारख्या घडतायत असं किती वेळा वाटलं" याला कधीच नाही आणि "अडचणींचा डोंगर झालाय असं किती वेळा वाटलं" यालाही कधीच नाही, या दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे कुणाच्या बाबतीत खऱ्या असणं अवघडच. अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर असला तर चालेल असं आपल्याकडे शिकवतात, आमचा खूपच खाली होता. एका गटाचे बारा फॉर्म तर एकमेकांवर ठेवले तर टिक सुद्धा एकाच रेषेत येतील असे.

सीआरपी ताईंना विचारलं तर त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. अर्ध्या बायकांना वाचायचा कंटाळा, काहींना चष्मा नाही, काहींना लिहिता येत नाही, म्हणून अध्यक्ष ताईंनी प्रश्न मोठ्याने वाचला, एकीने उत्तर दिलं आणि बाकीच्या म्हणाल्या "आमचंबी तेच लिवा". म्हणजे आमच्याकडे साठ बायकांची मतं नव्हती, पाच मीटिंगांची होती. शिवाय फॉर्मवर कॉलेजचा शिक्का बघून काही जणींना वाटलं की हेही कुठल्यातरी योजनेचं आहे, ताण आहे म्हटलं तर नाव कटेल की वाढेल यावर मीटिंगमध्ये चर्चा झाली म्हणे, शेवटी ठरलं की सगळं चांगलं लिहिलेलं बरं. चार बायकांमध्ये बसून कोण सांगणार की मला रात्री रडायला येतं? सासू पण त्याच गटात असते.

आणि एक गोष्ट मी शेवटी बघितली, जी सगळ्यात आधी बघायला हवी होती. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तीन फॉर्मवर तिथे शून्य नव्हतं. फॉर्म निनावी होते, खरं उत्तर मिळावं म्हणून आम्ही मुद्दामच नाव घेतलं नव्हतं, आणि आता या तिघी कोण हे शोधायचा कुठलाच मार्ग नव्हता. बाकी सगळ्या चुका प्रबंधाच्या होत्या, ही चूक माणसांच्या बाबतीतली होती.

कोणते पर्याय होते

प्रबंध जमा करायची तारीख ऑक्टोबरमध्ये होती. आम्ही दोघी एक पूर्ण दुपार स्टाफरूममध्ये बसलो.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे उलटे चार प्रश्न काढून टाकायचे. काढले की अल्फा वर जातो, आम्ही करून बघितलं, गेला. आणि खूप जण हे करतात, "भारतीय संदर्भात उलटे प्रश्न नीट चालत नाहीत" असं एक वाक्य टाकून पुढे जातात. पण आमच्या बाबतीत उलटे प्रश्न हीच एक जागा होती जिथे डेटा खोटा आहे हे कळत होतं. ताप आहे म्हणून थर्मामीटर फेकायचा असा तो प्रकार झाला असता, मी नाही म्हटलं.

दुसरा पर्याय, बचत गट सोडून शिकलेल्या बायकांना गुगल फॉर्म पाठवायचा. आकडे आले असते, पण ज्यांच्याबद्दल बोलायचं होतं त्याच बाहेर राहिल्या असत्या.

तिसरा, प्रश्नावली पूर्ण टाकून फक्त मुलाखती. विद्यार्थिनीचा कल इकडे होता आणि मलाही मोह झाला. पण मुलाखत म्हणजे आपोआप खरं आणि प्रश्नावली म्हणजे आपोआप वरवरचं हे मला पटत नाही. मुलाखतीत समोर माणूस बसलेला असतो, तिथे तर चांगलं दिसायची ओढ जास्तच. दोन्हीकडे आपण माणसाला स्वतःबद्दल सांगायला लावतो आणि दोन्हीकडे तो आधी प्रश्न समजून घेतो, मग आठवतो, मग तोलतो, मग यातलं किती सांगायचं ते ठरवतो. हे चार टप्पे रॉजर टूरँजो यांनी १९८४ मध्ये मांडलेत, वर्गात मी दरवर्षी शिकवते, आणि स्वतःच्या हाताखालच्या प्रबंधात एकाही टप्प्यावर काय होतंय ते तपासलं नव्हतं.

म्हणून चौथा पर्याय, वेळखाऊ: परत गावात जायचं, थोड्या बायकांबरोबर एकेक प्रश्न घेऊन बसायचं, त्यांना तो कसा कळतो ते ऐकायचं, शब्द बदलायचे, आणि मग कमी बायकांकडून पण एकेकीला भेटून परत भरून घ्यायचं. एक टर्म वाया जाणार होती. विद्यार्थिनीच्या वडिलांना फी परत भरायला लागणार होती, हे मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, केलंच आहे तर नीट करू दे.

काय केलं

नवव्या प्रश्नाचं आधी. तिघी सापडणार नव्हत्या म्हणून पाचही गटांच्या पुढच्या मीटिंगला आम्ही दोघी गेलो, कुणाकडेही बोट न दाखवता मनाच्या त्रासाबद्दल बोललो, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला आणि नंतर दोन तास देवळाच्या ओट्यावर बसून राहिलो, कुणाला एकटीने बोलायचं असेल तर यावं म्हणून. दोघी आल्या. या दोघी त्या तिघींमधल्या होत्या का, माहीत नाही.

मग गणपती झाल्यावर विद्यार्थिनी शब्द तपासायला गेली. "विचार मोठ्याने बोलून दाखवा" ही पुस्तकातली युक्ती अजिबात चालली नाही, बायका तिच्याकडे बघून हसायच्या. मग तिनेच एक वाट काढली: "काकू, हे वाक्य तुमच्या जावेला सांगायचं झालं तर कसं सांगाल?" आणि तिथून दार उघडलं.

"ताण" या शब्दावर एक काकू म्हणाल्या, "ताण म्हंजी खांद्याला येतो त्यो?" त्यांच्याकडे ताण शरीराला येतो, मनाला येतं ते टेन्शन. आम्ही शुद्ध मराठी म्हणून टेन्शन टाळलं होतं! "निराश" म्हटलं की बायका चटकन नाही म्हणायच्या, कारण निराश म्हणजे आशा सोडलेली, आणि तसं बोलणं अपशकुनी. पण "कशात जीव लागत न्हाई", "काळजाला घोर लागलाय", "डोस्क्यात लई इचार येत्यात" हे त्या स्वतःहून बोलायच्या. हा "लई इचार" ऐकल्यावर मला झिम्बाब्वेचं काम आठवलं. विक्रम पटेल, ज्यांनी नंतर गोव्यात संगथ सुरू करण्यात हात लावला, त्यांनी नव्वदच्या दशकात तिथे सहकाऱ्यांबरोबर शोना भाषेतली चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली ती रुग्णांच्या तोंडच्या शब्दांवरून, आणि त्यात "कुफुंगिसिसा" म्हणजे खूप विचार करत राहणं हा शब्द मध्यवर्ती आहे. तिथे आधी ऐकलं आणि मग प्रश्न लिहिले. आम्ही उलटं केलं.

भाषांतर उलटसुलट करून जुळवलं होतं त्याने आम्हाला खोटा दिलासा दिला. दोन्ही भाषांतर करणारे एकाच तऱ्हेची पुस्तकं वाचून मोठे झालेले, त्यांचं एकमेकांशी जुळणारच. गावातल्या बाईशी जुळतं का हे त्या पद्धतीत कुठेच विचारलं जात नाही.

सगळ्यात मोठा धक्का "सगळी कामं निभावता आली नाहीत असं किती वेळा वाटलं" या प्रश्नाने दिला. सगळ्या कधीच नाही म्हणायच्या. का, तर "करायलाच लागतं की बाई, न करून कोन सांगतंय?" म्हणजे न निभावणं हा पर्यायच त्यांच्या डोक्यात नाही, मग तो किती वेळा वाटला हे काय मोजणार. आणि याउलट पीएचक्यूच्या काही प्रश्नांवर ज्या बायका चांगल्या हसत्या-खेळत्या होत्या त्यांचे गुण उगाच वाढत होते. कामात आनंद वाटतो का? "भांगलणीत कसला आनंद?" झोप लागत नाही का? एकीच्या रानात लाईट रात्रीची, मोटर चालू करायला दोनला उठते, झोप मोडणारच. भूक कमी झालीय का? पहिल्या फेरीच्या वेळी श्रावण होता, सोमवार, शनिवार, शिवाय चतुर्थी, उपवास चाललेले. थकवा? हे तर विचारूच नका. म्हणजे मनाच्या भागावर त्या कमी सांगत होत्या आणि शरीराच्या भागावर शेतीचं, विजेचं आणि पंचांगाचं उत्तर येत होतं, आणि आपण सगळ्याची बेरीज करून एक आकडा काढतो. मूळ प्रश्नावली बघितली तर तिथे असं वाटणं "त्रासदायक झालं का" असं विचारलंय, वाचून दाखवताना तो भाग गळून जात होता. आम्ही तो मोठ्याने आणि दरवेळी म्हणायचा असं ठरवलं.

काळाचं पण तसंच. "गेले दोन आठवडे" आणि "गेला महिना" हे दोन वेगळे काळ एका बैठकीत विचारले की सगळं एकच होतं. मग आम्ही खुणा लावल्या, अमावस्येपासून आजपर्यंत, अमुक सणापासून आजपर्यंत. पहिल्या फेरीत अशी खूण लावली असती तर अजून एक गोष्ट दिसली असती, बऱ्याच जणी नागपंचमीला माहेरी जाऊन नुकत्याच आलेल्या होत्या, मन हलकं होतं आणि मागचा सगळा महिना त्या हलक्या मनाने आठवत होत्या.

उत्तरांचे पर्याय सुद्धा बदलले. "क्वचित" आणि "कधीकधी" यात फरक कुणालाच सांगता येईना. मग पाण्याच्या तांब्यांची पाच चित्रं काढली, रिकामा ते काठोकाठ. पर्याय कसे मांडता याने उत्तर किती हलतं याचं एक गाजलेलं उदाहरण नोर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांचं आहे, १९८५ चं. जर्मनीत त्यांनी लोकांना रोज किती टीव्ही बघता ते विचारलं, एका गटाला पर्यायांची पट्टी लहान आकड्यांपासून सुरू होणारी दिली, दुसऱ्याला मोठ्या. रोज अडीच तासांपेक्षा जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले आणि दुसऱ्यात ३७.५. माणूस मधला पर्याय म्हणजे सर्वसाधारण असं धरतो आणि स्वतःला तिथे जवळपास बसवतो. टीव्हीचे तास मोजताना हे होतं तर मनाचा घोर मोजताना काय होत असेल.

दुसरी फेरी लगेच घेता आली नाही. ऑक्टोबरच्या मध्यात आचारसंहिता लागली, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, तोपर्यंत गावात कुणी वही घेऊन फिरलं की "कुठल्या पक्षाचं?" हाच पहिला प्रश्न. योजनेच्या गोंधळातून शिकलो होतो म्हणून थांबलो आणि डिसेंबरमध्ये गेलो. यावेळी फॉर्म निनावी नव्हते, प्रत्येकीला कोड नंबर, आणि कोड कुणाचा याची यादी माझ्याकडे वेगळ्या कुलपात. का, हे प्रत्येकीला आधी सांगितलं: कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आम्ही परत तुमच्याकडे येऊ. कॉलेजच्या समितीकडून हा बदल मंजूर करून घेतला. कॉलेजचा शिक्का काढला, "पैसे मिळणार नाहीत आणि कापलेही जाणार नाहीत" हे वाक्य सगळ्यात आधी.

मुलाखती

यावर थोडं थांबून लिहायचंय कारण इथे प्रत्येक पावलावर काहीतरी ठरवावं लागलं.

पहिल्या दोन मुलाखती घरात झाल्या. सासूबाई दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या, मोबाईलचा रेकॉर्डर चालू, विद्यार्थिनी खुर्चीवर आणि बाई खाली. "मॅडम, समदं बरं हाय." चाळीस मिनिटांत एवढंच. तिसऱ्या वेळेला विद्यार्थिनी एका बाईंच्या रानात गेली, बांधावर बसून त्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली, आणि "मॅडम" ची "पोरी" झाली. रेकॉर्डर बंद केल्यावर ती बाई पाऊण तास बोलली. नवऱ्याचं पिणं, गटाचं कर्ज नवऱ्याने वापरलेलं आणि हप्ता हिच्या नावावर, मीटिंगच्या दिवशी पोटात गोळा येतो ते.

आता हे वापरायचं का? संमती तर रेकॉर्डर चालू असतानाची होती. विद्यार्थिनीचं म्हणणं, तिने मलाच सांगितलं, नोट्स काढल्या तर काय बिघडलं. मी म्हटलं, तिने पोरीला सांगितलं, प्रबंधाला नाही. शेवटी ती परत गेली, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आणि यातलं काय ठेवू विचारलं. त्यांनी कर्जाचा भाग काढायला लावला. आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा होता, मीटिंगच्याच ठिकाणी फॉर्म का खोटे भरले गेले याचं उत्तर त्यात होतं. काढला. इथे मी लिहिलंय ते कर्जाबद्दल इतर दोन-तीन जणींनी परवानगी देऊन सांगितलेल्या गोष्टी एकत्र करून, त्या बाईंचं नाही.

त्यानंतर रेकॉर्डर वापरलाच नाही. नुकसान झालं, नेमके शब्द हरवले, परीक्षकांनी त्यावर विचारलंही. पण रेकॉर्ड केलेले खोटे शब्द जास्त कामाचे होते असं मला वाटत नाही.

एका मुलाखतीत मावशी सहज म्हणाल्या, "देवानं उचलून न्यावं एकदाचं." आपल्याकडे हे वाक्य दळण आणायला गेल्यावर पण बोलतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, नेहमीचं बोलणं म्हणून सोडून देणं किंवा घाबरून गाव गोळा करणं. आम्ही आधीच ठरवलं होतं की असं ऐकलं की तिथेच सरळ विचारायचं: मावशी, नुसतं बोलताय का जीव द्यायचा विचार खरंच मनात येतो? विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती खूप जणांना असते, पण अभ्यासांमध्ये ती टिकलेली नाही. मावशी गप्प झाल्या, मग विहिरीपर्यंत दोनदा जाऊन आल्याचं बोलल्या. त्याच संध्याकाळी, त्यांना विचारून, त्यांच्या माहेरच्या भावाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. त्यांच्या फॉर्मवर नवव्या प्रश्नाला शून्य होतं.

शेवटी काय झालं

दुसऱ्या फेरीत बायका निम्म्याहून कमी, पण एकेकीची उत्तरं एकेकीची. उलटे प्रश्न सुलटे झाल्यासारखे वागायला लागले, अल्फा ठीक आला. तरी प्रश्नावली आणि मुलाखत काही जणींच्या बाबतीत जुळली नाही, वर लिहिलेल्या मावशींसारखी. अशा जागा विद्यार्थिनीने प्रबंधात लपवल्या नाहीत, त्यांचंच एक प्रकरण केलं. विषयाचं नाव बदललं, "ताणाचं प्रमाण" मधलं "प्रमाण" काढलं, कारण इतक्या कमी बायकांवरून गावात किती ताण आहे हे सांगायचा आम्हाला हक्कच नव्हता. तोंडी परीक्षेत सॅम्पल इतकं लहान का यावर बराच वेळ गेला, गुण बरे मिळाले, खूप नाही.

आता परत केलं तर

मुलाखती आधी, प्रश्नावली नंतर, यावर माझ्या मनात आता शंका नाही. आधी दहा जणींचं बोलणं ऐकायचं, मग प्रश्नांना हात लावायचा. फॉर्म गटाच्या मीटिंगमध्ये, गटाच्याच माणसाकडून कधीच वाटायचे नाहीत. पाच जणींवर आधी करून बघायचं, आम्ही केलं होतं पण हॉस्टेलच्या पाच मुलींवर.

एका गोष्टीवर मात्र अजून ठरत नाही. कोड नंबर लावल्याने आपण माणसापर्यंत पोचू शकतो, पण "ही मला शोधून काढू शकते" हे कळल्यावरच मावशींनी तिथे शून्यावर टिक केलं असेल का? निनावी फॉर्मवर त्यांनी कदाचित खरं सांगितलं असतं आणि मग आम्हाला त्या सापडल्या नसत्या. काही जण नववा प्रश्न गाळून आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरतात, त्याने संशोधकाची अडचण सुटते, बाईची नाही. सध्या मी विद्यार्थ्यांना सांगते की कोड ठेवा आणि नववा प्रश्न कागदावर न ठेवता तोंडी विचारा, एकटीला, शेवटी, बोलणं जमल्यावर. त्याला वेळ लागतो, एका बाईला दीड तास, म्हणजे सॅम्पल लहानच राहणार.

मावशी अजून ओपीडीला जातात. पहिल्या फेरीचे साठ फॉर्म माझ्या कपाटात सीलबंद आहेत, नियमाप्रमाणे अजून काही वर्षं ठेवायचे, आणि त्यातले तीन कुणाचे होते ते आजही मला माहीत नाही.